तिथीची पाऊणपट

माझं माहेर वैभववाडीकडचं, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याचं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, ओढ्याचं आणि पावसाचं. भाताच्या खाचरात घोटाभर चिखलात कसं उभं राहायचं हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. समुद्र मात्र मी लग्नाआधी दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत, बाईंचा हात धरून. अशी मी मालवणच्या किनाऱ्यावरच्या घरात सून म्हणून आले. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घरात राहिलो दोघंच, मी आणि सासरे. मी गावातल्या हायस्कुलात गणित शिकवते. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. मुंबईच्या गोदीत तीस वर्षं नोकरी करून ते परत आले, आणि आल्यापासून त्यांचा एकच उद्योग आहे, गरवणे.

गरवणे म्हणजे काठी आणि गरी घेऊन मासे धरणे. गरी म्हणजे गळ. आमच्या बाजूला किनारा वाळूचा कमी आणि खडकांचा जास्त. काळे, खरखरीत, पायाला चावणारे खडक. सगळे मिळून त्याला खडप म्हणतात. त्या खडपाच्या टोकाला जाऊन बाबा तासन् तास बसायचे. सकाळी गेलेला माणूस दुपारी दोन बोटांएवढा मासा घेऊन येतो, आणि वर तो मासा मीच साफ करायचा. पहिली दोन वर्षं मला ह्या प्रकाराचा भयंकर राग यायचा.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. बाबा खांद्यावर काठी टाकून खळ्यातून, म्हणजे अंगणातून, निघाले आणि मी सहज विचारलं, "बाबा, कुठे चाललात?" ते जागच्या जागी थांबले. मागे फिरले, काठी भिंतीला लावली, घोटभर पाणी प्यायले आणि ओटीवर जाऊन बसले. दहा मिनिटं गप्प. मग पुन्हा उठून काठी घेतली आणि निघून गेले. मला वाटलं, रागावले. संध्याकाळी शेजारच्या काकींनी समजावलं की गरवूक निघालेल्या माणसाला ‘खंय’ म्हणून विचारायचं नाही, विचारलं की त्या दिवशी मासा लागत नाही. म्हणून ते बसून, तो शब्द जिरवून, नव्याने निघाले होते. मी म्हटलं, माशाला काय ऐकू जातं काय आमच्या खळ्यातलं? काकी म्हणाल्या, "माशाक नाय गो, दर्याक." गणिताच्या बाईला हे पटलं नाही. पण त्यानंतर मी विचारणं सोडलं.

मला गरवायचा नाद लागला तो एका संध्याकाळी. चहा गार होत होता, म्हणून तणतणत मी खडपात त्यांना बोलवायला गेले. ते खाली वाकून आमिषासाठी कोलंबी सोलत होते. मला म्हणाले, "जरा धर गो ही." मी काठी धरली. समोर पाण्यावर त्यांचं बूच तरंगत होतं. नाव बूच, पण ते असतं जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचं, सुपारीएवढं गोल कापलेलं, मधे भोक पाडून तंगूस ओवलेलं. तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा. खडपात गरी तळाला गेली की कपारीत अडकलीच म्हणून समजा, त्यासाठी हे बूच. ते वर तरंगतं आणि गरीला खडकाच्या वर अधांतरी धरून ठेवतं. तर मी त्या चपलेच्या तुकड्याकडे बघत उभी होते, आणि तो थरथरला. मग स्तब्ध. मग एका बाजूला जरासा कलला, आणि पुढच्या क्षणाला दिसेनासा झाला. पाण्यात सरळ खाली गेला. माझ्या हातातली काठी जिवंत झाली. खालून कोणीतरी मला ओढत होतं, आणि ते कोण हे मला दिसत नव्हतं. एवढा मोठा समुद्र, त्याच्या पोटातला एक जीव, आणि मी, घाटाच्या पायथ्याची बाई. आमच्या मधे फक्त एक दोरा.

मासा निघाला गोबरा, वीतभर. बाबा म्हणाले, "घे, मास्तरीण बायक दर्यान वळखल्यान." चहा गारच प्यायलो.

तेव्हापासून मी रविवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. बूच वाचायला शिकले. बारीक मासे टोचतात तेव्हा ते नुसतं थरथरतं, ते चाळे समजून सोडून द्यायचे. खेकडा आमिष धरून चालायला लागला की ते आळशासारखं एका दिशेला सरकतं. गोबरा तोंड उघडतो आणि कपारीत घुसतो, म्हणून ते सरळ खाली जातं. आणि कधीकधी बूच एकदम आडवं पडतं, जणू खाली काही उरलंच नाही. तेव्हा मासा आमिष घेऊन वर येत असतो. पाण्याखालचं एवढं मोठं जग, आणि त्याच्या बातम्या वर आणणारा तो रबराचा एक तुकडा. मी खरंच सांगते, वर्गात भूमिती शिकवताना मला जे नवल मुलांच्या डोळ्यांत कधी आणता आलं नाही, ते मला तिथे वाटायचं.

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं. मला समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देता येत नाही. मुलगा फळ्यापाशी उभा राहून तिसरी पायरी सांगत असतो आणि मी सहावी लिहून मोकळी होते. नवरा फोनवर म्हणतो, "अगं ऐक तरी." मी ऐकते, पण अर्धंच. बाकीचं मला आधीच कळलेलं असतं, असं मला वाटतं.

एकदा मी बाबांना विचारलं की भरती-ओहोटीच्या वेळा तुम्हाला कळतात कशा? तुम्ही ना घड्याळ बघता, ना मोबाइल. ते भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेले. "हेच्यात बघूचा. आज तिथी कोणती? अष्टमी. तिथीची पाऊणपट करूची. आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"म्हंजे सहाक भरती. सकाळी सहाक, सांजेक सहाक. मधी बाराक सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. "आणि मगे..."

"आलं लक्षात," मी म्हटलं.

मी अक्षरशः थक्क झाले होते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तास पुढे सरकते. म्हणजे जितवी तिथी तितके पाऊण तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आकाशातला चंद्र, समोरचा समुद्र आणि सातवीच्या पुस्तकातला अपूर्णांक, तिघं एका ओळीत उभे. हे गणित कागदावर कोणी मांडलं असेल नसेल, गोदीतली माणसं ते बोटांवर करत होती. मी त्या रात्री झोपले नाही म्हटलं तरी चालेल. आलेख-कागद आणून वर्षभराच्या भरती-ओहोटीचं कोष्टक केलं, भरती निळ्या शाईत, ओहोटी लाल, आणि कॅलेंडराशेजारी चिकटवलं. बाबांनी चष्मा चढवून त्यावर बोट फिरवलं. "बरा केलंस," ते म्हणाले. "पण हेच्यात..."

"हिरवी शाई संपली हो, नाहीतर तिथी हिरव्या करणार होते," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

त्या कोष्टकाची चूक लगेच उघडी पडली नाही, कारण मी एकटी कधी जातच नव्हते. बाबा म्हणतील तेव्हा निघायचं, बाबा उठतील तेव्हा उठायचं. मग दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी त्यांचा गुडघा सुजला. तेल लावून, फडकं बांधून ते ओटीवर पाय पसरून बसले होते. मी कोष्टक पाहिलं. वद्य पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेदहाला पूर्ण ओहोटी. झकास वेळ. मी काठी उचलली, पिशवीत आमिष आणि डब्यात दोन चपात्या घेतल्या. मोबाइल घरीच ठेवला, कारण आधीचा एक मी खडपात पाण्यात घातला होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं आणि रीतीप्रमाणे काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. साडेसात वाजले असतील.

मी गेले ते घरापासून वीस मिनिटांवर, काजूच्या बागा उतरून खाली. तिथे किनाऱ्यापासून सुटलेला एक मोठा खडक पुढे समुद्रात उभा आहे. किनारा आणि तो खडक ह्यांच्यामधे पंधरा-वीस हात रुंद घळ. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास ती घळ गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालून ओलांडता येते. एरवी तिथे समुद्र. त्या खडकाला होडीही लागत नाही, लाट नेऊन आपटते. बाबांबरोबर मी तिथे चार-पाचदा गेले होते.

माझ्या हिशेबाने साडेसात-आठला घळीत जेमतेम वाट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात पाणी घोट्याएवढंच. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी काय केलं, तर खूश झाले. म्हटलं, आज दर्या मेहेरबान दिसतोय.

खडकाच्या समुद्राकडच्या अंगाला बसायला एक सपाट पायरी आहे. तिच्यावर बसून मी बूच टाकलं. पावसाळ्याचा गढूळपणा जाऊन पाणी निवळलं होतं, इतकं की उन्हाची तिरीप तळापर्यंत उतरलेली दिसत होती. तासाभरात दोन गोबरे मिळाले. मग बूच निश्चल झालं. आणि मग ते आले.

पेडवे. बोटाएवढे, चांदीचे, हजारोंनी. बाहेरून एक ढगच पाण्याखालून सरकत आला आणि माझ्या पायांखालून खडकाच्या कडेकडेने आत शिरायला लागला. सगळे एकाच क्षणी वळत होते. वळले की अख्खं पाणी पांढरं व्हायचं, पुन्हा वळले की काळं. कोण सांगत होतं त्यांना, आता वळा म्हणून? माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत, त्यांना एका वेळी उजवीकडे तोंड करायला सांगितलं तर चौघांची टक्कर होते. इथे हजारो होते, आणि एकाचं शेपूट दुसऱ्याला लागत नव्हतं. माझं बूच त्यांच्या मधोमध उभं होतं आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. मी काठी बाजूला ठेवली. ओंजळ पाण्यात घातली, ती रिकामी वर आली. संपतील आता, संपतील आता म्हणत मी बघत राहिले, आणि ते येतच राहिले. देवळात कधी हात आपोआप जोडले गेले नाहीत माझे, तिथे गेले.

एवढी मी शिकलेली, पण हे सगळे मासे एकाच दिशेने, आत, किनाऱ्याकडे का चाललेत हा प्रश्न मला पडला नाही. ते भरतीबरोबर येत होते. भरतीच माझ्यासमोरून चालली होती, आणि मी तिला वा वा म्हणत बसले होते.

पायरीवर पहिली लाट चढली आणि माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. अकरा. कोष्टकाप्रमाणे अजून पाऊण तास हातात होता. मी काठी, पिशवी उचलून खडकाच्या किनाऱ्याकडच्या अंगाला आले.

घळ नव्हती. जिथून मी चालत आले होते तिथे हिरवंगार पाणी फुगून वर-खाली होत होतं. मी काठी उभी धरून खाली घातली, माझ्या छातीएवढी बुडली तरी टेकली नाही. समोर एवढं पाणी, आणि माझ्या तोंडचं पळालेलं. मला पोहता येत नाही. माझ्या माहेरच्या ओढ्यात पोहण्याइतकं पाणी पावसाळ्यातच असतं, आणि तेव्हा कोणी उतरू देत नाही.

मी ओरडले. दोन-चार वेळा ओरडले. काठावर काजूची झाडं सोडली तर ऐकायला कोणी नव्हतं, आणि लाटांच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग मनात यायला लागलं की आत्ताच उडी मारावी. पंधराच हात. पाणी अजून वाढायच्या आत. हातपाय मारले तर पोचेन. दर मिनिटाला ते पाणी थोडं रुंद होत होतं आणि दर मिनिटाला मला वाटत होतं की हीच शेवटची संधी आहे. मी ओढणी कमरेला बांधली. खरंच बांधली.

मग मी खडकाकडे पाहिलं. खडकाला एका उंचीपर्यंत कालवं, म्हणजे शिंपल्यातले जीव, चिकटलेली होती, पांढरी, धारदार, दाटीवाटीने. त्यांच्या वर एक काळपट पट्टा, आणि त्याच्याही वर कोरडा, पक्ष्यांनी घाण केलेला माथा. कालवांना रोज पाणी लागतं. म्हणजे पाणी तिथवर रोज येत असणार. काळ्या पट्ट्यापर्यंत कधीमधी. माथ्यावर? माथा कोरडा होता, पण तो पावसाळ्यापासून कोरडा होता की कालपासून, हे मला वाचता येईना. मी माथ्यावर चढले. दोन माणसं मांडी घालून बसतील एवढीच जागा. तिथे बसून मी ठरवायला लागले, बसायचं की उडी मारायची. माझे हात इतके कापत होते की डब्याचं झाकण उघडेना.

आणि तेव्हा मला ते आठवलं. "आणि मगे..." बाबा म्हणाले होते. मधी बाराक सुकती, आणि मगे. त्या ‘आणि’च्या पुढे काय होतं? मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

नंतर समजलं ते इथेच सांगते. पाऊणपटीचा हिशेब मुंबईचा. गोदीतल्या माणसांचा. आमच्याकडे त्यातून आणखी एक तास कमी करायचा असतो, कारण आमचा समुद्र मुंबईच्या आधी भरतो. भरती दक्षिणेकडून येते, आधी आमच्या खडपात चढते, मग विजयदुर्ग, रत्नागिरी करत तासाभराने मुंबईला पोचते. बाबांना हे इतकं अंगवळणी होतं की ते वाक्याच्या शेवटी सांगत. मुंबईच्या समुद्राचं वेळापत्रक घेऊन मी मालवणच्या खडकावर बसले होते. आजही ह्या गोष्टीचं मला नवल वाटतं. पाणी इथे चढतं तेव्हा तिकडे मुंबईत अजून कोणाचे पाय कोरडे असतात.

साडेबाराच्या सुमाराला काजूच्या झाडीतून बाबा बाहेर आले. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने गुडघा दाबत. मी कुठे गेले हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्या पायाने आधी दोन जागा बघून ते तिसऱ्या जागी आले होते. त्यांना बघून मी उभी राहिले, दोन्ही हात हलवले, ओरडले. माझी एकच भीती, की ते पाण्यात शिरतील. सत्तरी उलटलेला माणूस, तो पाय, ते पाणी.

ते शिरले नाहीत. त्यांनी तळहात पालथा करून दोनदा खाली दाबला. बस. मग स्वतः समोरच्या खडकावर बसले, फडकं बांधलेला पाय लांब केला, तंगूस सोडवलं आणि गरवायला लागले.

माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सून इकडे मरते आहे आणि हा माणूस गरवतोय. इतका संताप आला मला की विचारू नका. मी त्यांना नको नको ते बोलले, सगळं लाटांनी खाल्लं. ते बुचाकडे बघत होते. अधूनमधून काठी उचलून बघायचे, पुन्हा टाकायचे, जसे रोज करतात तसे. एकदा खिशातून पानाची डबी काढून पान लावलं. मी बोलून बोलून दमले आणि बसले. आणि बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. अगं, ते गरवतायत. म्हणजे काळजीचं कारण नाही. ज्याला हा समुद्र लहानपणापासून ठाऊक आहे तो पान खातोय, म्हणजे हा माथा बुडत नाही. माझा जीव भांड्यात पडला. ओढणीची गाठ मी सोडली.

पुढे त्यांनी आणखी एक केलं. पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली, झाकण घट्ट लावून जवळच्या सुट्या तंगुसाला बांधली, आणि घळीच्या वरच्या तोंडाशी भिरकावली. अर्धी भरलेली बाटली बुचासारखीच तरंगते. ती मला कुठेतरी लांब जाताना दिसली. मग पाण्याने तिला वळवलं, खडकाला वळसा घालून आणलं आणि माझ्या पायांखाली लावून दिलं. मी वाकून उचलली. घळीतलं पाणी कुठून शिरतं आणि कुठून फिरतं हे त्या माणसाला आपल्या घरातल्या वाटेसारखं ठाऊक होतं. मी ते पाणी प्यायले आणि रडले, तहानेने की कशाने, माहीत नाही.

पाणी चढत राहिलं. कालवं बुडाली. काळा पट्टा बुडाला. माझी बसायची पायरी केव्हाच गेली होती, दोन गोबऱ्यांची पिशवीही गेली. आता लाट फुटली की तुषार माथ्यावर यायचे. मी पाय पोटाशी घेऊन बसले होते. मन घाबरलं की मी समोर बघायची. समोर बाबा बुचाकडे बघत असायचे. मग मी पुन्हा पाण्याकडे बघायची. आणि सांगते, भीती थोडी मागे सरल्यावर मी जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहायला मिळणार नाही. चारी बाजूंनी समुद्र, आणि तो वर येताना मला दिसत होता. तो चालून येत नाही, अंगावर धावत नाही. तो भरतो, तळापासून, सगळाच्या सगळा, एकदम. क्षितिजापर्यंतचं सगळं पाणी एका चंद्रासाठी वर उचललं जात होतं, आणि तो चंद्र तेव्हा आकाशात कुठे दिसतसुद्धा नव्हता.

पावणेतीनच्या सुमाराला ते थांबलं. उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस कोणी बारीक करावा तसं. माझ्या पावलाखाली एक वीत अंतर ठेवून पाणी नुसतं उभं राहिलं, ना वर ना खाली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला श्वास घ्यायचीही चोरी वाटत होती. मग काळ्या पट्ट्याची एक ओली रेघ वर आली, आणि मला कळलं की मी घरी जाणार.

घळ ओलांडता आली तेव्हा साडेसहा होऊन गेले होते, ऊन जाऊन संधिप्रकाश उरला होता. बाबा काठी आडवी टाकून घळीत गुडघाभर उतरले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मी काठावर आले. ते पुन्हा खडकावर बसले आणि तंगूस गुंडाळायला लागले. त्यांचं बूच पाण्यातून वर आलं. बुचाखाली दोरा होता, दोऱ्याला शिसं होतं, आणि त्याच्याखाली काही नव्हतं. गरीच नव्हती.

"बाबा, गरी तुटली?"

"आणूकच नाय मी. धावत इलंय, गरये घरीच रवले."

म्हणजे साडेबारापासून सहा तास ते गरी नसलेलं बूच पाण्यात टाकत होते. काठी उचलून बघत होते, पुन्हा टाकत होते.

"होडीवाल्यांना तरी बोलवायचं."

"होडी लागता खंय थंय? आणि बोलवूक गेलंय असतंय तर तू उडी मारलं असतंस. तुझो सोभाव माका म्हायत आसा."

मी विचारलं, "पण तुम्हाला ठाऊक होतं ना, पंचमीच्या भरतीला तो माथा बुडत नाही ते?"

ते तंगूस गुंडाळत राहिले. दोरा बोटांत ठरत नव्हता, सारखा सुटत होता.

"माका कसा ठावक आसतला?" ते म्हणाले. "भरतीक थंय कोण बसता?"

"मग तुम्ही इतके निवांत पान खात..."

"तू माझ्याकडे बघत होतंस मा," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या हातातून काठी घेतली. त्यांना उठवायला गेले तर त्यांचे पाय त्यांना धरीनात, आणि हात माझ्या हातात थरथरत होते, दुपारी माझे थरथरत होते त्याहून जास्त. मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि ते हात धरून ठेवले, अंधार पडेपर्यंत.